विश्लेषण : नैराश्यावरील गोळी बदलताना मधले दिवस धोक्याचे का ठरतात?

नैराश्यावर डॉक्टरांनी दिलेली पहिलीच गोळी प्रत्येकाला लागू पडते असे नाही. कुणाला दीड महिना उलटूनही फरक जाणवत नाही, कुणाचे वजन वाढते, कुणाची झोप उडते, तर कुणाच्या लैंगिक जीवनावर परिणाम होतो. अशा वेळी औषध बदलले जाते. चिठ्ठीवर हा बदल दोन ओळींचा असतो. शरीरात मात्र तो काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत चालतो. जुने औषध पुरते बाहेर पडलेले नसते आणि नव्याचा परिणाम सुरू झालेला नसतो. हा मधला काळ नीट सांभाळला नाही तर काय होते, आणि तो सांभाळायचा कसा, याचा हा आढावा.

हा विषय चर्चेत का आहे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या या अभ्यासात ३० नैराश्यरोधक औषधांच्या १५० हून अधिक चाचण्या आणि ५८ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली. वजन, नाडीचे ठोके, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांवर कोणत्या औषधाचा किती परिणाम होतो, याची तुलना त्यात होती. जेमतेम दोन महिन्यांच्या उपचारांतही दोन टोकांच्या औषधांमध्ये वजनाचा फरक सुमारे चार किलोंचा, तर नाडीचा फरक मिनिटाला २० हून अधिक ठोक्यांचा आढळला. म्हणजे ‘नैराश्याची गोळी’ या एका नावाखाली येणारी औषधे शरीरावर अगदी वेगवेगळे परिणाम करतात. ‘मला दुसरी गोळी बरी पडेल का?’ हा प्रश्न रुग्णांनी डॉक्टरांना विचारणे त्यामुळे रास्त ठरते. पण कोणती गोळी घ्यावी याची चर्चा जितकी होते, तितकी एका गोळीवरून दुसरीवर जायचे कसे याची होत नाही.

औषध बदलण्याची वेळ किती जणांवर येते?

ती अपवादाने नव्हे, नेहमीच येते. अमेरिकेत ४ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘स्टार-डी’ या गाजलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या औषधाने साधारण तिघांपैकी एकाचीच लक्षणे जवळपास पूर्ण गेली. उरलेल्यांपैकी ज्यांचे औषध बदलण्यात आले, त्यांना ब्युप्रोपिऑन, सर्ट्रालिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन यांपैकी एक देण्यात आले. तिन्ही गटांत साधारण चौघांपैकी एक जण पूर्ण बरा झाला, आणि तीन औषधांत ठळक फरक दिसला नाही. चार टप्प्यांनंतर ६७ टक्के रुग्ण बरे झाल्याचा त्या अभ्यासाचा दावा मात्र वादग्रस्त ठरला. २०२३ मध्ये झालेल्या फेरतपासणीत हा आकडा ३५ टक्क्यांच्या आसपासच असल्याचे मांडण्यात आले.

यातून दोन गोष्टी समजतात. पहिले औषध लागू न पडणे म्हणजे आजार असाध्य आहे असे नव्हे. आणि दुसरे औषध म्हणजे जादूची कांडीही नव्हे. ६० वर्षांवरील रुग्णांवरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषध बदलून ब्युप्रोपिऑन देण्यापेक्षा चालू औषधाला अरिपिप्राझोलची जोड दिलेल्या गटात मानसिक स्वास्थ्य अधिक सुधारले. त्यामुळे ‘बदलायचे की जोड द्यायची’ हा निर्णयही बदलाआधीच घ्यावा लागतो.

बदलण्याआधी काय तपासले जाते?

सर्वांत आधी, जुन्या औषधाला पुरेशी संधी मिळाली का? नैराश्यरोधक औषधांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, काहींना सहा आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात आणि पुष्कळदा आपोआप ओसरतात. म्हणजे तोटा आधी आणि फायदा नंतर, असा हा क्रम आहे. अनेक जण नेमके याच टप्प्यावर ‘ही गोळी सोसत नाही’ म्हणून थांबतात.

दुसरे, मात्रा पुरेशी होती का आणि गोळी रोज घेतली जात होती का? तिसरे, थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा दारू यांपैकी काही आड येत आहे का? चौथे आणि महत्त्वाचे, निदान बरोबर आहे का? पूर्वी कधी झोप न घेताही उत्साह ओसंडून वाहणे, अफाट खर्च, बेफाम बोलणे असे दिवस येऊन गेले असतील, तर आजार साध्या नैराश्याचा नसून द्विध्रुवीय म्हणजे बायपोलर असू शकतो. तिथे एकामागून एक नैराश्यरोधक बदलत राहिल्याने उन्मादाचा झटका येण्याचा धोका असतो. हे प्रश्न न विचारता केलेला बदल म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

जुनी बंद, नवी सुरू : एवढे सोपे का नाही?

याची दोन कारणे आहेत, आणि दोन्ही धोके परस्परविरुद्ध टोकांचे आहेत. जुने औषध एकदम थांबवले तर मेंदूला सवय झालेला रासायनिक आधार अचानक निघून जातो. चक्कर, मळमळ, घाम, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखे वाटणे, असे त्रास सुरू होतात. उलट, जुने औषध शरीरात असतानाच नवे पूर्ण मात्रेत सुरू केले तर दोघांचा परिणाम एकत्र होऊन विषबाधेसारखी स्थिती येऊ शकते. फार अंतर ठेवले तर एक अडचण, फार कमी ठेवले तर दुसरी.

किती अंतर ठेवायचे, हे औषध शरीरातून किती वेगाने बाहेर पडते यावर ठरते. रक्तातले औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. व्हेन्लाफॅक्सिनचा अर्धायुकाल सुमारे ५ तास आणि त्यापासून शरीरात तयार होणाऱ्या क्रियाशील घटकाचा सुमारे ११ तास असतो. त्यामुळे एखादी गोळी चुकली तरी काहींना त्याच संध्याकाळी त्रास जाणवतो. पॅरॉक्सेटिनचा काळ साधारण एक दिवसाचा. याउलट फ्लुओक्सेटिनच्या क्रियाशील घटकाचा अर्धायुकाल ४ ते १६ दिवसांचा असतो. शेवटची गोळी घेऊन महिना झाला तरी हे औषध शरीरात थोडेबहुत उरलेले असते.

बदलाच्या पद्धती कोणत्या?

ढोबळमानाने चार. पहिली, थेट अदलाबदल. आज जुनी शेवटची, उद्यापासून नवी. एस्सिटॅलोप्रामवरून सर्ट्रालिनवर जाण्यासारख्या, एकाच गटातल्या औषधांत ही अनेकदा चालते, कारण नवे औषध जुन्याची जागा बऱ्याच अंशी भरून काढते.

दुसरी, आडवी अदलाबदल. जुन्याची मात्रा पायरीपायरीने उतरवत नव्याची चढवत न्यायची. एसएसआरआय गटातल्या गोळीवरून मिर्टाझापिनकडे जाताना ही पद्धत बहुधा वापरली जाते. यात काही दिवस दोन्ही औषधे एकत्र चालतात, म्हणून ज्या दोन औषधांचे एकत्र घेणे सुरक्षित आहे तिथेच ती वापरता येते.

तिसरी, जुने हळूहळू पूर्ण बंद करून मग नवे सुरू करणे. चौथी, बंद केल्यावर मध्ये ठरावीक दिवस कोरडे सोडून मग नवे देणे. फ्लुओक्सेटिन थांबवल्यावर पुढचे औषध सहसा चार ते सात दिवस थांबून आणि कमी मात्रेत सुरू करतात. शेवटच्या दोन पद्धती औषधांच्या दृष्टीने निर्धोक, पण रुग्ण मधले दिवस उपचाराविना असतो. तीव्र नैराश्यात ही किंमत मोठी असू शकते. म्हणून एकच पद्धत सर्वांत चांगली असे म्हणता येत नाही. ती औषधांची जोडी आणि रुग्ण पाहून ठरते.

कोणत्या जोड्यांत अधिक सावध राहावे लागते?

एमएओआय गटातील औषधे या यादीत सर्वांत वर आहेत. आपल्याकडे नैराश्यासाठी ती क्वचितच दिली जातात. पण ती सुरू करण्याआधी बहुतेक नैराश्यरोधके बंद करून किमान १४ दिवस आणि फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत किमान पाच आठवडे थांबावे लागते. हाच गुण अंगी असलेली इतर औषधे मात्र आपल्याकडे सर्रास वापरात आहेत. पार्किन्सन्ससाठीची सेलेजिलिन आणि रासाजिलिन ही त्यांतली. दुसरे लिनेझोलिड. हे प्रतिजैविक औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील उपचारांचा महत्त्वाचा भाग आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या सहा महिन्यांच्या ‘बीपाल्म’ उपचारपद्धतीतही ते आहे. मुंबईसारख्या शहरात अशा क्षयरुग्णांची संख्या मोठी आहे आणि दीर्घ आजारात नैराश्य येणे स्वाभाविक. त्यामुळे क्षयरोगाचे आणि मनोविकाराचे डॉक्टर एकमेकांची चिठ्ठी पाहतात की नाही, हा इथे जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकतो.

दुसरी जोडी, फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिनवरून अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या ट्रायसायक्लिक औषधांकडे जाण्याची. ही दोन औषधे यकृतातील एक विकर रोखून धरतात. परिणामी ट्रायसायक्लिकचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे वाढते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून नवे औषध अगदी कमी मात्रेत आणि सावकाश चढवावे लागते. फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत ही खबरदारी ते थांबवल्यानंतरही काही आठवडे घ्यावी लागते. फ्लुव्होक्सामिन आणि अ‍ॅगोमेलाटिन तर एकत्र देण्यास मनाईच आहे.

तिसरी जोडी वेगळ्याच कारणाने फसवी. ब्युप्रोपिऑन किंवा अ‍ॅगोमेलाटिन ही औषधे एसएसआरआयप्रमाणे सेरोटोनिन वाढवत नाहीत. एसएसआरआय झटकन थांबवून यांपैकी एखादे सुरू केले, तर जुने सुटल्याचा त्रास नवे औषध झाकू शकत नाही. रुग्णाला वाटते, नव्या गोळीनेच चक्कर येते. प्रत्यक्षात ती जुनी सुटल्याची असते.

सेरोटोनिन सिंड्रोम म्हणजे काय?

मेंदूत आणि शरीरात सेरोटोनिनचा परिणाम मर्यादेबाहेर वाढल्याने होणारी ही विषबाधा. हातपाय थरथरणे, स्नायू आपोआप उडणे, दरदरून घाम, जुलाब, छातीत धडधड, प्रचंड अस्वस्थता ही तिची लक्षणे. तीव्र स्वरूपात खूप ताप, अंग ताठणे, गोंधळल्यासारखे होणे, झटके येणे असे घडते. बहुतेकदा औषध सुरू केल्यापासून, वाढवल्यापासून किंवा बदलल्यापासून २४ तासांच्या आत ती दिसू लागते. सौम्य स्वरूप औषध थांबवल्यावर ओसरते. तीव्र स्वरूपात जिवावर बेतू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि सर्व गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.

हा धोका फक्त दोन नैराश्यरोधकांमुळेच होतो असे नाही. दुखण्यासाठीचे ट्रॅमाडॉल, कोरड्या खोकल्याच्या अनेक सिरपमधले डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अर्धशिशीवरील सुमाट्रिप्टानसारखी औषधे, ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे सेंट जॉन्स वर्ट हेही त्यात भर घालू शकतात. औषध बदलाच्या दिवसांत खोकल्याचे बाटलीभर औषध मेडिकलमधून परस्पर आणणेही म्हणून टाळावे.

आजार परतला की औषध सुटल्याचा त्रास?

हा गोंधळ रुग्णांचाच नव्हे, कधीकधी डॉक्टरांचाही होतो. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, नैराश्यरोधक थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षणे जाणवली. पण औषध नसलेली बनावट गोळी थांबवणाऱ्यांतही हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. म्हणजे साधारण सहा-सात जणांमागे एकाचा त्रास खरोखर औषध सुटल्यामुळे होता. तीव्र त्रास सुमारे ३ टक्क्यांत दिसला. हे आकडे कमी दाखवले जातात, दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांत त्रास अधिक असतो, असे म्हणणारा संशोधकांचा एक गटही आहे. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन यांबाबत त्रास अधिक होतो, यावर मात्र फारसे दुमत नाही.

ओळखण्याची खूण वेळेत आणि लक्षणांत आहे. औषध सुटल्याचा त्रास सहसा काही दिवसांतच सुरू होतो, त्यात चक्कर आणि विजेच्या झटक्यासारखी शारीरिक लक्षणे असतात, आणि जुने औषध पुन्हा घेतल्यावर तो लवकर ओसरतो. आजार परतताना उदासी, रस नाहीसा होणे, स्वतःला दोष देणे ही लक्षणे सहसा काही आठवड्यांत हळूहळू वाढत जातात. पहिल्याला दुसरे समजले, तर गरज नसताना मात्रा वाढते किंवा चांगले औषध ‘लागू पडत नाही’ म्हणून बाद होते.

मात्रा उतरवण्याचाही हिशेब सरळ नाही. निम्मी गोळी म्हणजे निम्मा परिणाम, असे वाटते; पण २० मिलिग्रॅम सिटॅलोप्राम मेंदूतील संबंधित जागांपैकी सुमारे ८० टक्के व्यापते आणि त्याच्या निम्मी मात्राही सुमारे ७० टक्के व्यापते. खरी मोठी घसरण शेवटच्या छोट्या मात्रांवरून शून्यावर येताना होते. म्हणून शेवटच्या पायऱ्या अधिक लहान ठेवाव्यात, असा विचार गेल्या काही वर्षांत रुजतो आहे.

आपल्याकडे अडचणी वेगळ्या का?

पहिली अडचण ब्रँडच्या नावांची. भारतात एकच औषध अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. नव्या डॉक्टरांनी लिहिलेली गोळी आणि घरातली जुनी पट्टी यांची नावे वेगळी, पण आतला घटक एकच, असे होऊ शकते. रुग्ण दोन्ही घेतो आणि नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेले मूळ औषधाचे नाव वाचणे म्हणूनच महत्त्वाचे.

दुसरी अडचण जोडगोळ्यांची. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर लिहिल्या जातात. ‘नैराश्याची गोळी बदलली’ म्हणून अशी जोडगोळी एकदम थांबवली, तर क्लोनाझेपामही एकदम थांबते. ते दीर्घकाळ घेतलेल्यांत झोप पूर्ण उडणे, तीव्र घबराट आणि क्वचित फिट येण्याचा धोका असतो. इथे दोन औषधांचा वेगवेगळा उतार आखावा लागतो.

तिसरी अडचण मनुष्यबळाची. बेंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. देशात लाख लोकसंख्येमागे सरासरी एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. तालुक्याच्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. मग दोन आठवड्यांनी ठरलेली फेरतपासणी दोन महिन्यांवर जाते आणि नेमका धोक्याचा काळ देखरेखीविना सरतो. नैराश्यरोधके ‘शेड्यूल एच’मधील, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधे आहेत. प्रत्यक्षात जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने गोळ्या मिळत राहतात, आणि बदल झाल्याची नोंद मेडिकलवाल्याकडेही नसते.

कोणी विशेष जपावे?

२५ वर्षांखालील रुग्णांत औषध सुरू करताना आणि मात्रा बदलताना आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी दिलेला हा ठळक इशारा २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. म्हणून पहिले काही आठवडे घरातल्यांचे लक्ष हवे. ज्येष्ठांत, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांत, रक्तातील सोडियम घसरू शकते. नव्या गोळीनंतर आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, तर ते वयामुळे असे म्हणून सोडून देऊ नये. स्तनांच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांत फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन शक्यतो टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटू शकतो. गर्भधारणा कळताच घाबरून गोळी बंद करणेही घातक. आईचे उपचाराविना राहिलेले नैराश्य बाळालाही बाधते. तिथे बदल करायचा तर तो डॉक्टरांशी बोलूनच.

रुग्ण आणि नातेवाईकांनी काय करावे?

औषध बदलताना डॉक्टरांकडून एका कागदावर तारखांसह वेळापत्रक लिहून घ्यावे. जुनी गोळी कोणत्या दिवशी किती, नवी कोणत्या दिवसापासून किती, आणि पुन्हा कधी भेटायचे. मधुमेह, रक्तदाब, क्षय, दुखणे, खोकला, आयुर्वेदिक काढे यांसह चालू असलेले सगळे सांगावे. दारूबद्दलही लपवू नये. जुन्या उरलेल्या पट्ट्या नव्या डब्यात मिसळू नयेत. ‘ईआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘एसआर’ असे लिहिलेल्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय तोडू किंवा कुटू नयेत. त्यातले औषध एकदम सुटते. पहिले दोन आठवडे झोप, चक्कर, मनःस्थिती यांची रोज एक ओळ मोबाइलमध्ये लिहून ठेवली तरी पुढच्या भेटीत ती मोलाची ठरते. नवी गोळी कशी मानवते ते कळेपर्यंत दुचाकी चालवणे टाळलेले बरे.

हा लेख वाचून कुणी चालू गोळी परस्पर बदलू किंवा थांबवू नये. इथे दिलेले दिवस आणि पद्धती सर्वसाधारण आहेत. प्रत्येकाचे वेळापत्रक त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. डॉक्टर लांब असतील तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. मधल्या दिवसांत जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी घरच्यांना सांगावे, या क्रमांकावर फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.